उपास मोडला म्हणून आईला ताप आला का?

मावशी,
मी नववीत आहे. आमचं गाव लातूर जिल्ह्यात आहे, नाव लिहीत नाही. माझ्या आईला छातीत गाठ होती. आता तिला मुंबईला टाटाला नेतात, दर तीन आठवड्यांनी डोस असतो. ती आणि बाबा दादरला धर्मशाळेत राहतात, मधेच चार-पाच दिवस घरी येतात. घरी मी, आजी आणि माझा भाऊ असतो. तो दुसरीत आहे. तो हल्ली रात्री अंथरूण ओलं करतो आणि आई आली तरी तिच्याजवळ जात नाही.
मला कुणीच काही सांगत नाही. आजी म्हणते, तू अभ्यासाकडं बघ, देवाचं कर. बाबा आणि आत्या बोलत असले आणि मी गेले की गप्प होतात. कॅन्सर हा शब्द मला वर्गातल्या मुलीकडून कळला. ती म्हणाली, टाटाचे पेशंट फूटपाथवर झोपतात.
आजीनं सांगितलं म्हणून मी आईसाठी संकष्टी धरते. मागच्या संकष्टीला मैत्रिणीच्या वाढदिवसाला मी विसरून समोसा खाल्ला. दुसऱ्या दिवशी आईला ताप आला, ॲडमिट केलं. डोसला तेव्हा दहा दिवस झाले होते. समोशाचं मी कुणालाच सांगितलं नाही. आई घरी आली तेव्हा तिच्या डोक्यावर केस नव्हते, मी लगेच तिच्याजवळ गेले नाही. तिला ते कळलं. आत्या म्हणते, आईला असलं की मुलीला पण होतं. कधी कधी मला वाटतं की एकदाचं काय ते होऊन जावं, आणि मग मला माझीच भीती वाटते. शाळेची सहल वेरूळ-अजिंठ्याला जाणार आहे, मी नाव दिलं नाही.
मी वाईट आहे का? आई मरेल का?

बाळा,

आधी समोशाचं बोलू. आईला ताप तुझ्या समोशामुळे आला नाही. तू तो खाल्ला नसतास, तरी त्या दिवशी ताप आलाच असता.

हे मी तुझी समजूत काढायला म्हणत नाही. ताप का आला असेल ते तुझ्याच पत्रात आहे. तू लिहिलं आहेस, डोसला दहा दिवस झाले होते. डोस म्हणजे केमो. ते औषध शिरेतून रक्तात जातं आणि अंगभर फिरतं. ज्या पेशी भराभर वाढतात त्यांना ते मारतं. कॅन्सरच्या पेशी तशा वाढतात, म्हणून ते औषध द्यायचं. पण आपल्या अंगात काही चांगल्या पेशीसुद्धा भराभर वाढत असतात. केसांच्या मुळाशी असतात, तोंडाच्या आणि पोटाच्या आतल्या अस्तरात असतात, हाडांच्या आत जिथं रक्त तयार होतं तिथं असतात. औषधाला आपलं-परकं तितकं ओळखता येत नाही, तेव्हा त्यांनाही मार बसतो. म्हणून केस जातात, तोंड येतं, जेवणाची चव जाते. आणि म्हणूनच रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात.

जंतूंशी लढतात त्या याच पांढऱ्या पेशी. डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात त्या सगळ्यात खाली गेलेल्या असतात. एरवी आपल्याला कळणारही नाही असा एखादा जंतू त्या दिवसांत माणसाला तापाने फणफणवतो. पुढे पेशी पुन्हा भरून येतात, आणि त्यांना तेवढा वेळ मिळावा म्हणून पुढचा डोस तीन आठवड्यांनी असतो. संकष्टी चंद्रावर ठरते आणि पेशी डोसवर. दोन तारखा शेजारी आल्या, आणि तू मधे सापडलीस.

बाबांनी आईला लगेच ॲडमिट केलं हे फार बरं केलं. केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइटपर्यंत गेला तर सकाळची वाट बघायची नसते, घरातली गोळी देऊन झोपवायचं नसतं, लगेच डॉक्टरांना कळवायचं असतं. आई गावी आलेली असताना हे तुलाही माहीत असलेलं बरं. घरात थर्मामीटर आहे का, बघून ठेव. ताप दिसला तर आजीला आणि बाबांना सांगायचं, पुढचं त्यांनी बघायचं.

उपासाबद्दल आजीशी भांडू नकोस. लेक किंवा सून तिकडे दवाखान्यात असताना म्हातारं माणूस हातात काहीतरी धरतं. तिच्या हातात देव आहे. पण तू चौदा वर्षांची आहेस, घर सांभाळतेस, शाळेत जातेस. उपाशी राहू नकोस. आजीला म्हण, मी दूर्वा वाहते, अथर्वशीर्ष म्हणते, पण जेवते. आणि जमलं तर समोशाची गोष्ट आजीला किंवा आईला सांगून टाक. ती कुणाला सांगितली नाहीस म्हणून एवढी मोठी झाली.

आता माझं सांगते. माझे वडील आजारी पडले तेव्हा मी अकरा वर्षांची होते. १९८४ साल. त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आम्हा भावंडांना सांगितलं होतं, बाबा ऑफिसच्या कामाला पुण्याला गेलेत. मी त्यांना रोज पत्र लिहायची आणि आई ती पोस्टात टाकते म्हणून घेऊन जायची. एकदा शाळेतून आले तर दारात खूप चपला होत्या. इतक्या चपला आमच्या दारात मी फक्त गणपतीत बघितल्या होत्या. मला कुणी काही सांगायच्या आधी त्या चपलांनीच सांगितलं.

माझे वडील गेले. हे मी तुझ्यापासून लपवत नाही, कारण लपवण्याने काय होतं तेच तुला सांगायचं आहे. त्यांचा आजार वेगळा होता, तो काळ वेगळा होता, डायलिसिस तेव्हा मोठ्या शहरातल्या मोजक्या दवाखान्यांत मिळायचं. तुझ्या आईशी त्याची तुलना करू नकोस. मला आज बावन्नाव्या वर्षी जे सलतं ते एवढंच, की सगळ्यांना माहीत होतं आणि मला नव्हतं. घरातल्या कुणाचा हेतू वाईट नव्हता. पोरीला त्रास नको, असंच त्यांना वाटलं. पण मोठी माणसं गप्प बसली म्हणून मुलाचं डोकं थांबत नाही. ते स्वतःच गोष्टी रचतं, आणि त्या गोष्टीत बहुतेक वेळा आपण स्वतःच गुन्हेगार असतो. मी रचली होती की बाबा माझ्यावर रागावून गेले. तू रचलीस समोशाची.

तर बाबांना विचार. बाबा आणि आत्या कुजबुजताना मधे जाऊन विचारलंस तर ते दचकतील आणि ‘काही नाही’ म्हणतील. ते घरी आले की एकटे गाठ. गच्चीवर, दुकानाच्या वाटेवर, कुठेही. म्हण, बाबा, आईला कॅन्सर आहे हे मला माहीत आहे. हे वाक्य तू बोललीस की त्यांचं अर्धं ओझं उतरेल, कारण ते लपवता लपवता थकले असणार. मग विचार: कितवी स्टेज आहे? आता किती डोस राहिलेत? पुढे ऑपरेशन आहे का, शेक, म्हणजे किरणांचे उपचार, द्यायचा आहे का? गाठ डोसनं लहान होते आहे का? पुष्कळ वेळा डोस आधी देऊन गाठ आटवतात आणि मग ऑपरेशन करतात. तसं असेल तर एवढे महिने डोसच का चाललेत हे तुला कळेल.

आणि एक शब्द त्यांच्याकडून घे. बातमी चांगली असो की वाईट, मला ती आधी तुम्ही सांगायची, गावातल्या कुणाकडून कळता कामा नये. या शब्दावर अडून बस. मी अकरा वर्षांची असताना मला तो मागता आला नाही.

आई मरेल का, हे तू शेवटी लिहिलंस, पण पत्र लिहायला बसलीस ती त्यासाठीच. मी इथून ‘नाही’ म्हटलं तर ते खोटं ठरेल, आणि खोटं तू पुष्कळ ऐकलं आहेस. खरं जे आहे ते सांगते. हा स्तनाचा कॅन्सर. तो शब्द लाजायचा नाही. भारतातल्या बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर हाच आहे, आणि यातून बऱ्या होऊन आपापल्या घरात, शेतात, नोकरीवर परतलेल्या बायका खूप आहेत. गाठ कधी सापडली, किती पसरली होती, कोणत्या प्रकारची आहे, यावर पुढचं ठरतं. ज्या दवाखान्यात ती आहे तिथे १९४१ सालापासून याच आजारावर काम चाललं आहे. याच्यापुढचं उत्तर बाबांकडून येऊ दे. ते म्हणतील, ‘डॉक्टर म्हणतात आशा आहे, पण नक्की सांगता येत नाही.’ हे उत्तर अपुरं वाटेल. तरी ते खरं असेल, आणि खऱ्यावर झोप लागते.

‘एकदाचं काय ते होऊन जावं’ असं वाटतं, आणि मग तुला तुझीच भीती वाटते. आजाऱ्याच्या घरात राहिलेल्या जवळजवळ प्रत्येक माणसाच्या मनात हे कधी ना कधी येतं. बायकोच्या येतं, मुलाच्या येतं, रात्ररात्र पाय चेपणाऱ्या सुनेच्या येतं. कुणी बोलत नाही. आई जावी असं तुला वाटत नाही गं. वाट बघणं संपावं असं वाटतं. दर तीन आठवड्यांनी बॅग भरणं, फोन वाजला की पोटात गोळा येणं, हे संपावं. आणि मनात आलं म्हणून काही घडत नाही. तसं असतं तर तू रोज ‘आई बरी होऊ दे’ म्हणतेस त्यानं ती कधीच बरी झाली असती.

केसांचं. तू थबकलीस, आणि आईला ते दिसलं. मला वाटतं, तिनेही पहिल्यांदा आरशात स्वतःला बघितलं असेल तेव्हा ती थबकली असेल. या वेळी ती आली की सरळ सांग, आई, त्या दिवशी मी घाबरले होते, तुला नाही, तुझ्या आजाराला. तेल लावायला केस नाहीत, पण डोक्याची कातडी कोरडी पडते, खाजते. तिला विचारून खोबरेल तेलाचा हात हलकेच फिरव. हा आजार शिवल्याने लागत नाही. तिच्या ताटातलं खाऊन, तिच्या कुशीत झोपून लागत नाही. तुला सर्दी-ताप असेल तेव्हा मात्र तू लांब राहा, ते तिच्यासाठी. केमो संपल्यावर केस परत येतात. पहिले पहिले मऊ असतात, कुणाकुणाचे कुरळेही येतात.

आत्याच्या बोलण्यानं रात्री झोपताना तू स्वतःच्या छातीला हात लावून बघत असशील. मी तुझ्या वयाची असते तर मीही बघितलं असतं. ऐक. स्तनाचा कॅन्सर झालेल्या शंभर बायका घेतल्या तर त्यातल्या साधारण पाच ते दहा जणींनाच तो आईवडिलांकडून आलेल्या जनुकातल्या बदलामुळे झालेला असतो. बाकीच्यांना तसा नाही. आईचं वय कमी असेल तर डॉक्टर तिच्या रक्ताची तशी तपासणी करायला सांगू शकतात. ते त्यांनी बघायचं. तुला काही बघायचं असलंच तर ते मोठी झाल्यावर, डॉक्टरांना विचारून. आज चौदाव्या वर्षी तुला त्यासाठी काहीही करायचं नाही.

फूटपाथबद्दल तुझी वर्गमैत्रीण अगदीच खोटं बोलली नाही. परळला टाटाच्या आसपास लांबून आलेली आणि जागा न मिळालेली कुटुंबं खरंच रस्त्याकडेला राहतात, आणि ते बघवत नाही. पण तुझी आई धर्मशाळेत आहे. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, गावोगावचे कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांच्या घरचे तिथे राहतात. तुझे आईबाबा तिथेच असतील किंवा तशाच दुसऱ्या ठिकाणी. बाबांना म्हण, आई झोपते त्या जागेचा फोटो पाठवा, खिडकीतून काय दिसतं त्याचा पाठवा, शेजारच्या काकू कुठल्या गावच्या तेही सांगा. एकदा डोळ्यांनी बघितलंस की डोक्यातला फूटपाथ जाईल.

भावाची मला जास्त काळजी वाटते, कारण तो पत्र लिहू शकत नाही. सात-आठ वर्षांच्या मुलांना वाटतं की आपण आईच्या अंगावर उडी मारली, चेंडू लागला, दूध सांडलं म्हणून ती आजारी पडली. त्याला समोर बसवून चौकशी केल्यासारखं विचारू नकोस. चित्र काढताना, अंथरूण घालताना सहज विचार, ‘तुला काय वाटतं रे, आईला गाठ कशानं झाली?’ तो काही म्हणाला तर हसू नकोस. त्याला सांग, तुझ्यामुळे झालं नाही, तिला हात लावल्यानं तुला होणार नाही, आणि आई मुंबईला असली तरी तुझा डबा, तुझी शाळा, तुझी झोप बघायला आम्ही आहोत. अंथरूण ओलं झालं की चादर गुपचूप बदला. आजीला रागवू देऊ नकोस. भीती कमी झाली की हे बहुतेक वेळा आपोआप थांबतं. नाहीच थांबलं तर बाबांनी त्याला डॉक्टरांकडे न्यावं.

पण हे सगळं तू एकटीने करायचं नाही. गावातल्या बायका तुला ‘किती समजूतदार, घराची आईच झाली’ म्हणत असतील. मला ते कौतुक आवडत नाही. समजूतदार म्हटलं की पोरीला रडायची सोय राहत नाही. पुढचा मजकूर बाबांसाठी आहे, तो त्यांना वाचायला दे.

दादा, तुमच्या मुलीला सगळं माहीत आहे, आणि ते तिला वर्गातून कळलं. आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, फक्त ती एकटी उरली आहे. तिला दिवसाउजेडी जवळ बसवा आणि कॅन्सर हा शब्द तुमच्या तोंडून ऐकू द्या. तुम्हाला रडू आलं तर येऊ द्या, पोरं त्यानं मोडत नाहीत. मुंबईहून रोज दहा मिनिटं फोन दोघा मुलांसाठी ठेवा, आणि त्यात औषधाचं, पैशाचं बोलू नका. वर्गशिक्षकांना स्वतः भेटून सांगा, म्हणजे वही अपुरी राहिली तर ती उभी राहणार नाही. सकाळच्या भाकरी-पोळीला काही महिने कुणी बाई ठेवता आली तर ठेवा, नाहीतर भावकीत आळीपाळीने वाटून घ्या. लोक ‘काही लागलं तर सांगा’ म्हणतात, त्यांना सांगाच. आणि जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात बालसंगोपन योजनेची चौकशी करा. आई किंवा वडील दुर्धर आजाराने अंथरुणाला असतील तर त्या मुलांसाठीही ती आहे, आणि पात्र ठरल्यास मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. टाटामध्ये वैद्यकीय समाजसेवा विभाग आहे, तिथल्या ताईंना सांगा की घरी दोन मुलं आहेत. मुलांशी हे कसं बोलायचं तेही त्यांना विचारता येतं.

आणि बाळा, कुणाशीच बोलता आलं नाही, झोप येईना, जेवण जाईना, नकोच वाटायला लागलं सगळं, तर १४४१६ हा नंबर आहे, टेलि-मानसचा. फुकट आहे, रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहे. फोन करायला कारण फार मोठं असावं लागत नाही. समोशाएवढं पुरे.

उरली सहल. तू वाईट आहेस का, याचं उत्तर मला तिथे दिसतं. आई सुया टोचून घेत असताना आपण मजा कशी करायची, म्हणून तू नाव दिलं नाहीस. बाबा किंवा आजी पैसे देऊ शकत असतील, तर उद्या सरांकडे जाऊन नाव दे. आईला रोज फोनवर काय ऐकायला मिळतं? पेशी किती, ताप किती, भूक लागली का. तिला एकदा तुझ्याकडून वेरूळ ऐकू दे. कैलास लेणं एका अखंड कातळातून वरून खाली कोरत आणलं आहे, आधी कळस आणि शेवटी पायथा. तिथे उभी राहून वर बघ आणि काय वाटलं ते तिला सांग. गाडीत शेवटच्या सीटवर कुणी गाणी म्हटली, कोण ओकलं, कुणाचा डबा सगळ्यांनी मिळून संपवला, हेही सांग.

नाव दिलंस की आजच तिला फोन कर. ती नववीत असताना तिची सहल कुठे गेली होती ते विचार. आणि येताना तुझ्यासाठी काय आणू, तेही.

तुझी,
मावशी